बत्तीस बारांचा चाळा

माझा राग नाकावर असतो. पाचवीत नवीन आलेलं पोरही पहिल्या आठवड्यात हे शिकतं, अपूर्णांक नंतर. त्यामुळे एका शब्दावरून मी एका भल्या माणसाशी महिनाभर धड बोलले नाही, हे ऐकून मला ओळखणाऱ्या कुणालाही नवल वाटणार नाही. नवल आहे ते त्या शब्दाचं, आणि त्या माणसाचं तर आहेच आहे.

मी मोखाड्याच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवते. राहते जव्हारला. रोज एसटीने जाऊन-येऊन. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी सॅक्सोफोन घेतला. जव्हारातली एक बँडपार्टी मोडली होती, पोरं डीजेकडे गेली होती, आणि मालकाच्या ओट्यावर ते पितळी वाद्य गोणपाटात गुंडाळून पडलं होतं. मी ते मागितलं.

"भिंतीला टांगणार का बाई?" त्याने विचारलं.

"वाजवणार," मी म्हटलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मी नवरदेवाचा घोडाच मागितला होता.

कारण सांगते. त्याच्या आधी काही दिवस मी स्वयंपाकघरात फोनवर सुरळीच्या वड्या कशा करतात ते बघत होते. वड्या संपल्या आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. काळ्या कोटातला एक म्हातारा डोळे मिटून सॅक्सोफोनवर एक संथ चाल वाजवत होता. शब्द नाहीत, भाषा नाही. तरी मला वाटलं, हा माणूस माझ्याशी बोलतोय आणि एक अक्षर खोटं बोलत नाहीये. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कळलंच नाही. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांनी भाताऐवजी पेज खाल्ली. ते जॅझ होतं, हे मला पुढे कळलं.

शिकवायला मुंबईतले एक वयस्कर सर मिळाले, फोनच्या व्हिडिओ कॉलवरूनच. तरुणपणी त्यांनी हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवलेलं. मला 'टीचर' म्हणायचे. दर शनिवारी दुपारी एक तास. जॅझच्या जुन्या चाली त्यांनी मला एकेक करून उलगडून दाखवल्या, आणि मी थक्क होत गेले. चार टाळ्यांचा एक बार. असे बत्तीस बार म्हणजे एक चाल. आठ बार, तेच परत आठ, मग आठ बार भलतीकडेच जायचं, आणि शेवटी पुन्हा पहिले आठ. बस, एवढंच! वहीच्या एका पानावर मावतं. पण चाल एकदा सरळ वाजवून झाली की खरी गंमत सुरू. खालची सुरांची चौकट तीच ठेवायची आणि वर आपल्या मनाचं, त्या घटकेला सुचेल ते वाजवायचं. त्याला सोलो म्हणतात. बत्तीस बार संपले की पुन्हा पहिल्यापासून, परत नवीन. जवळजवळ शंभर वर्षं जगभरचे लोक याच चाली वाजवतायत आणि एकाचं दुसऱ्यासारखं होत नाही. नियम इतका कडक आणि आत इतकी मोकळीक! गणितात हे मी मुलांना वीस वर्षं सांगत आले होते, पण कानांनी पहिल्यांदा ऐकत होते.

आणि मी अडकले. कुठे, तर स्विंगमध्ये. जॅझमध्ये दोन सूर सारख्या लांबीचे लिहिलेले असले तरी पहिला थोडा लांबवायचा, दुसरा थोडा आखडायचा. त्यानेच चाल झुलते. मी काय करावं? आलेखाची वही काढली, चौकोन मोजले, पहिल्या सुराला दोन भाग, दुसऱ्याला एक. दोनास एक! गुणोत्तर काढून मोकळी. सरांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं.

सर बराच वेळ हसले. मग म्हणाले, "टीचर, तुम्ही बरोबर वाजवता. अगदी बरोबर वाजवता. पण माझा पाय हलत नाही."

दरवर्षी दिवाळीनंतर ते विद्यार्थ्यांना घरी बोलवायचे. साथीला बेस आणि ड्रम वाजवणारी खरी माणसं, प्रत्येकाने एक चाल वाजवायची. अट एकच. आधी फोनवर ऐकवायचं; सरांचा पाय हलला तर आमंत्रण. दोन वर्षं तो मेला पाय काही हलला नाही. तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. वाडा गावचा एक बँडवाला सॅक्सोफोन विकत घ्यायला मागे लागला होता. त्याला सांगितलं, "दिवाळीनंतर घेऊन जा बहुतेक." सांगताना आवाज खणखणीत होता. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडले, हेही सांगायला हवं.

घरी सराव जमायचा नाही. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. नवरा बिचारा फक्त टीव्हीचा आवाज वाढवायचा. नणंद आली की तिचं ठरलेलं, "वहिनी, या वयात हे काय नसते चाळे?" ते 'नसते चाळे' माझ्या असे जिव्हारी लागले होते म्हणून सांगू! म्हणून मी शाळा सुटल्यावर सातवीच्या वर्गात वाजवायला लागले. शेवटची गाडी येईपर्यंत तासभर मिळायचा.

शाळेचे शिपाई कुलूप लावायला थांबायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो, वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. पोशेऱ्याच्या अलीकडे त्यांचा पाडा. काका तारपा वाजवतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. सुकवलेला दुधी, त्यात बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचं लांब तोंड. तारपेवाला मध्ये उभा राहून वाजवतो आणि पाड्यातले बायाबाप्ये त्याच्याभोवती फेर धरून नाचतात. कोणी साहेब यायचे असले की आम्ही काकांना फेटा बांधून तारपा वाजवायला उभं करायचो. साहेब फोटो काढायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो. इतकी वर्षं बघत होते, पण ऐकलं कधीच नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेतला क्रमांक तीन, एवढंच ते माझ्या लेखी होतं. आज हे लिहिताना लाज वाटते.

गणपती झाले होते. मी तीच ती संथ चाल वाजवत होते, जिच्यापायी भाताची पेज झाली होती. काका दाराशी येऊन उभे राहिले. किल्ल्यांचा जुडगा हातात. चाल संपली तसे हसले आणि म्हणाले, "बाई, हा चाळा हाय. पण—"

पण काय, ते मी ऐकलंच नाही. माझ्या मस्तकाची शीर तडकली. घरी नणंद तेच, इथे हे तेच!

"चाळा?" मी ओरडले. "तीन वर्षं ओठ फुटेस्तोवर घासतेय मी, आणि तुम्ही चाळा म्हणता? तुम्ही आपलं कुलूप बघा काका. माझं मी बघते."

त्यांचं हसू एकदम मावळलं. "बरं बाई," म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून ते फाटकाजवळच्या दगडावर बसायला लागले, वर्गाकडे पाठ करून. मीही कामापुरतं बोलायचे. खडू आणा, घंटा द्या, झालं. आणि वाजवणं? ते दिवसेंदिवस सुकतच चाललं. बत्तीस बार मोजून घ्यायचे, मोजून संपवायचे. शनिवारी सर म्हणायचे, "करेक्ट, टीचर." करेक्ट या शब्दाची मला तेव्हापासून शिसारी आहे.

नवरात्र संपलं. एक दिवस आठवीवर गुणोत्तर-प्रमाण घेत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी पायाने खट् खट्, खट् खट् करत होती. दोनदा दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा खडू फेकला. "ए, काय चाळा लावलायस गं मगाचपासून?"

सगळा वर्ग खदाखदा हसला. मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे. ती मुलगीही तोंडावर ओढणी धरून हसत होती. म्हणाली, "बाई, चाळा पायानं नाय लावत. चाळा तारप्यावर लावतात. पाय नुसता त्याच्या मागं जातो."

"म्हणजे?"

मग काय, आख्खा वर्गच मला शिकवायला लागला. तारप्याच्या प्रत्येक चालीला चाळा म्हणतात. मोराचा चाळा वेगळा, बायांचा वेगळा. चाळा बदलला की पावलं बदलतात. नुसती पिपाणी कोणीही फुंकेल, पण जिच्यावर माणसं नाचतील तो चाळा. आणि मग त्या मुलीने सहज, अगदी सहज सांगितलं, "काका आमच्याच पाड्यावर राहतात ना. ते सगळ्यांना सांगत होते, आमच्या बाईंच्या बाज्यात चाळा हाय म्हणून. ते कधी कोणाला असं म्हणत नाय."

मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाच एक उदाहरण लिहीत सुटले. डोळ्यांसमोर अक्षर दिसत नव्हतं. वीस वर्षं याच मुलांच्यात राहिले, त्यांची पुस्तकातली मराठी तपासून तपासून लाल केली, आणि त्यांच्या घरातला एक शब्द मला माहीत नव्हता. त्या माणसाने मला त्याच्याकडचा सगळ्यात मोठा शब्द दिला होता. आणि मी म्हटलं होतं, कुलूप बघा.

शाळा सुटल्यावर मी फाटकापाशी गेले. काका दगडावर बसले होते. माफी मागायची मला सवय नाही, माझ्या आईला विचारा. म्हणून मी जे तोंडात आलं ते भडाभडा बोलून टाकलं. नणंदेसकट सगळं. काका ऐकत होते, मान खाली. मला वाटलं, रागावलेत. बघते तर खांदे हलतायत. हसत होते!

"बाई, तुम्ही गणिताच्या," म्हणाले, "पण वाक्य अर्ध्यात तोडून उत्तर काढलंत."

"मग पुढचं काय होतं? 'पण' म्हणालात ना तुम्ही?"

काका म्हणाले, "चाळा हाय, पण तुम्ही तो वहीला वाजवून दाखवता. वही कशी नाचेल?"

म्हणजे जे मुंबईचे सर तीन वर्षं सांगत होते तेच की! मी तिथेच त्यांच्या बाजूला दगडावर टेकले. विचारलं, मग नाचतं कोण, ते मला कसं कळायचं? काका म्हणाले, दिवाळीची सुट्टी लागते त्या दिवशी पाड्यावर या, बाजा घेऊन या. वाघबारशीला, वाघदेवाच्या सणाला, तारपा असतोच. दुपारपासून सुरू करू, म्हणजे बाईंची गाडी चुकायची नाही.

सुट्टी लागली त्या दिवशी शाळा अर्धी होती. काकांबरोबर जीपने गेले, मांडीवर सॅक्सोफोनची पेटी. लवकर पिकणारा हळवा भात कापून झाला होता. सारवलेल्या खळ्यावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. काकांच्या बायकोने पाणी दिलं, पेटीला हळूच हात लावून बघितला. बारीक अंगाची, बोलायला चुरचुरीत. "हा रोज तुमच्या बाज्याचं सांगतो," म्हणाली. "मला वाटलं केवढा मोठा असंल!"

मग काकांनी तारपा तोंडाला लावला. फेटा नाही, साहेब नाही. पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली पँट आणि शाळेचाच खाकी शर्ट. आणि मी पहिल्यांदा ऐकलं. अरे देवा, काय ऐकलं! श्वास तुटत नव्हता. गाल फुगलेले, नाकाने हवा आत, तोंडाने बाहेर, सूर मात्र अखंड. चार-पाच सुरांचा एवढासा तुकडा, तोच तो फिरून येत होता, आणि तरी प्रत्येक वेळी कुठेतरी निराळा. पुढे एक म्हातारबुवा घुंगरांची काठी जमिनीवर आपटत चालला होता, त्याच्यामागे कमरेत हात गुंफलेली माणसांची साखळी. कोणीही तारप्याकडे पाठ करत नव्हतं. आणि काका कुठे बघत होते? पायांकडे. फक्त पायांकडे. पाय जड झाले की चाळा बदलायचे, आणि साखळी हूऽऽ करून उसळायची. हाच तो सोलो, हेच ते बत्तीस बारांनंतरचं. मी फोनमध्ये सातासमुद्रापार जे शोधत होते, ते माझ्या शाळेची घंटा देत होतं.

दोघीतिघी बायकांनी मला ओढून फेरात घेतलं. "या बाई, या!" मी आधी सगळ्यांची बोटं तुडवली. मी मोजत होते ना! पाय जमिनीवर पडतो तिथे एक, पडतो तिथे दोन. प्रत्येक वेळी अर्ध्या पावलाने हुकत होते. शेजारची बाई वैतागून म्हणाली, "बाई, पाय पडायचं सोडा, उचलायचं बघा." आणि त्या क्षणी ते माझ्या गुडघ्यातून वर चढलं. काकांचा सूर पाय पडतो तिथे येतच नव्हता. पाय उचलतो तिथे येत होता. पाय उचलला जावा म्हणूनच तो येत होता. माझं दोनास एक, माझे आलेखाचे चौकोन! मी इतकी वर्षं पडलेले पाय मोजत बसले होते.

थोड्या वेळाने काका थांबले, घाम पुसला आणि तारपा खांबाला टेकवून ठेवला. "आता बाईंचा चाळा," म्हणाले.

मी पेटी उघडली, मध्ये उभी राहिले आणि ती संथ चाल सुरू केली. आठ बार, परत आठ. फेर हलेना. पाहुणीचा मान राखून माणसं शांत उभी. लहान पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती. बत्तीस बार संपले, मी चूक एकही केली नाही आणि एकही पाय हलला नाही. वाटलं, संपलं. वाड्याचा बँडवाला मला दिसायलाच लागला. सॅक्सोफोन तोंडातून काढणार, इतक्यात काका म्हणाले, "पायांकडं बघा, बाई."

मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. काकांच्या बायकोचे पाय समोर होते, म्हणून तेच बघितले. भेगाळलेली टाच. ती टाच जराशी उचललेली होती, अगदी दोन बोटं. थांबली होती ती, माझ्यासाठी! मी सूर मोजून टाकला नाही, तिच्या टाचेखाली ठेवला. टाच उठली. घुंगरांची काठी खण् झाली. शेजारचा पाय उठला, त्याच्या शेजारचा, आणि साखळी सरकली. सरकली! वाजवता वाजवता माझ्या घशातून असा काही आवाज निघाला की सूरच फाटला, पण कोणाला त्याचं काय? चाल संपली, पाय थांबले नाहीत, मग मी कशी थांबणार? पुढचं वाजवायला माझ्याकडे काही लिहिलेलं नव्हतं. जे आलं ते वाजवलं. बत्तीस कितीदा झाले, देव जाणे. गणिताच्या बाईने मोजलं नाही. आठवड्याने फोनवर सरांचा पाय हलला, त्यांच्या घरी बोलावणं आलं, वाड्याच्या माणसाला मी नाही म्हणून कळवलं, हे सगळं नंतर झालं. माझा निकाल त्या खळ्यावर लागला होता.

कौतुकासाठी मी काकांकडे नजर टाकली. खांबापाशी फक्त तारपा होता, ते नव्हते. मला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. मग फेर फिरून आला, आणि बघते तर काका साखळीत! बायकोच्या कमरेत हात, मान खाली, आणि पावलं सगळी चुकीची. हा माणूस सगळ्या तालुक्याला नाचवतो आणि त्याला स्वतःला नाचता येत नव्हतं. शेजारचे हसून हसून बेजार झाले होते.

काकांची बायको माझ्यासमोरून जाताना ओरडली, "बाई, हा नेहमी मधी! लगीन झालं त्याच वर्षी सासरा गेला नि तारपा ह्याच्या हातात आला. पाड्यात दुसरा वाजवणारा नाय. मी आपली लांबून ह्याच्याकडं बघत नाचतेय, म्हातारी झाले!"

फेर पुढे गेला. माझे ओठ सुजले होते, जीप हॉर्न देत होती, शेवटची गाडी जाणार होती. मी थांबले असते तर काकांना पुन्हा मध्ये यावं लागलं असतं.

ती परत समोर आली. या वेळी हसत नव्हती. नवऱ्याचा हात तिने आपल्या कमरेशी घट्ट दाबून धरला होता आणि डोळे वाहत होते.

"थांबू नका, बाई," ती म्हणाली.